तान्ह्या बाळाची गुळणी

तान्हे बाळ पोटभर प्याले, आईच्या खांद्यावर विसावले, आणि क्षणार्धात त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून दुधाची धार ओघळली, हा अनुभव ज्या घराने घेतलेला नाही असे घर सापडणे कठीण. या प्रकाराला मराठीत मोठा समर्पक शब्द आहे. बाळाने 'गुळणी टाकली' असे आपण म्हणतो. त्याला 'उलटी झाली' असे म्हणत नाही. गुळणी आपोआप बाहेर येते, तिला श्रम पडत नाहीत. उलटीस पोटाच्या स्नायूंचा जोर लागतो, आणि उलटी करणारे बाळ कासावीस होते. आपल्या आज्या-पणज्यांनी भाषेत करून ठेवलेला हा भेद आजच्या बालरोगशास्त्रालाही मान्य आहे. किंबहुना, दूध टाकणाऱ्या बाळाची तपासणी करताना वैद्य ज्या प्रश्नांपासून आरंभ करतात त्यांपैकी हा एक आहे.

तथापि भाषेतला हा शहाणपणा व्यवहारात नेहमीच टिकतो असे नाही. बाळ दिवसातून चारपाच वेळा दूध टाकू लागले की घरात कुजबुज सुरू होते. आईचे दूध जड आहे, तिने काही बाधक खाल्ले असेल, तिचे दूध बाळाला मानवत नाही, असे निष्कर्ष निघू लागतात. दोष शेवटी बाळंतिणीच्या पदरात पडतो. रायपूरसारख्या शहरात तर उपायांना तोटा नसतो. भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे वसत आली. तात्यापारा किंवा चौबे कॉलनी या वस्त्यांत आजही मराठी कानी पडते. अशा घरात आजीची बाळगुटी असते, छत्तीसगडी शेजारणीने सांगितलेला एखादा काढा असतो, आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातली बाटलीही असते. या सर्वांचा मारा अवघ्या चार किलो वजनाच्या जीवावर होतो. म्हणून गुळणी हा आजार आहे काय, नसेल तर काय करावे, आणि असेल तर तो ओळखावा कसा, हे तीन प्रश्न स्वच्छ समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम गुळणी का येते ते पाहू. घशापासून जठरापर्यंत अन्ननलिका जाते. ती जठरास मिळते तेथे स्नायूंचे एक कडे असते. घास खाली उतरताना ते सैल होते आणि मग पुन्हा आवळते, त्यामुळे पोटातले अन्न वर येत नाही. हे कडे मधूनमधून क्षणभर आपोआपही सैल होते, आणि त्या क्षणी जठरातील काही भाग वर चढतो. ही क्रिया प्रौढ माणसातही दिवसातून अनेकदा घडते. फक्त ती आपल्या ध्यानात येत नाही. बाळाची गोष्ट निराळी. त्याची अन्ननलिका आखूड, जठर लहान, आहार निव्वळ पातळ, आणि दिवसाचा बहुतेक काळ ते आडवे असते. शिवाय त्याच्या पोटात जाणारे दूध त्याच्या देहाच्या मानाने किती असते, याचा हिशेब मनोरंजक आहे. या वयात दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १५० मिलिलिटर दूध लागते. म्हणजे पाच किलोचे बाळ दिवसाकाठी पाऊण लिटर दूध पिते. याच प्रमाणात साठ किलो वजनाच्या गृहस्थास दूध पाजावयाचे म्हटले, तर त्याला दररोज नऊ लिटर दूध प्यावे लागेल, आणि तेही पडल्या पडल्या! त्याने गुळणी टाकली तर नवल ते काय?

हा प्रकार किती सार्वत्रिक आहे याचीही मोजदाद झालेली आहे. अमेरिकेतील शिकागो परिसरातल्या सुमारे साडेनऊशे निरोगी बालकांची पाहणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. पहिल्या तीन महिन्यांतील बालकांपैकी निम्मी दिवसातून एकदा तरी दूध टाकत होती. चौथ्या महिन्यात हे प्रमाण शेकडा ६७ पर्यंत चढले, आणि दहा ते बारा महिन्यांच्या बालकांत ते शेकडा ५ वर उतरले. बाळ बसू लागते, घट्ट अन्न खाऊ लागते, उभे राहू लागते, तसतशी गुळणी ओसरत जाते. म्हणजे हा रोग नसून वाढीचा एक टप्पा आहे, आणि त्याचे सर्वांत प्रभावी औषध काळ हेच आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दुपट्यावर पडलेले दूध दिसते त्याहून पुष्कळ कमी असते. चमचाभर पाणी कोरड्या दुपट्यावर ओतून पाहावे; डाग केवढा पसरतो ते पाहिले की 'प्यालेले सगळेच टाकले' हा समज आपोआप दूर होतो.

आता उपायांकडे वळू. पहिला उपाय पाजण्याच्या रीतीत आहे. बाळ रडले की ते भुकेलेच असले पाहिजे, असा आपला समज असतो. बाळ रडते, रडताना हवा गिळते, पोटावर ताण येतो, गुळणी येते; गुळणी आली म्हणून पोट रिकामे झाले असे समजून त्याला पुन्हा पाजले जाते, आणि भरलेले पोट पुन्हा उतू जाते. हे चक्र तोडावयास हवे. बाळाने स्तन आपणहून सोडले, मान वळवली, मुठी सैल केल्या, की ते तृप्त झाले असे समजावे. पाजताना स्तनाग्राबरोबर त्याभोवतालचा काळसर भागही शक्य तितका बाळाच्या तोंडात असावा. नुसते अग्रच तोंडात असेल तर हवा अधिक जाते आणि आईलाही वेदना होतात. पाजताना मध्ये आणि शेवटी बाळास खांद्याशी धरून हलक्या हाताने पाठ चोळावी म्हणजे ढेकर निघेल. नंतर वीस ते तीस मिनिटे त्याला उभे धरावे. घरात आजी-आजोबा असतील तर हे काम त्यांच्याइतके चांगले कोणी करणार नाही. त्यांच्या खांद्यास ते ओझे होत नाही, आणि बाळंतिणीस तेवढाच विसावा मिळतो.

पाजल्यावर लगेच तेल चोळणे, न्हाऊ घालणे, हातपाय दुमडून व्यायाम देणे ही कामे करू नयेत. ती पाजण्यापूर्वी उरकावी. लंगोटाची गाठ पोटावर आवळलेली नसावी. बाळास वाकवून, हनुवटी छातीस टेकेल असे बसवून ठेवू नये, कारण त्यामुळे पोटावर दाब पडतो आणि श्वासासही अडथळा होतो. बाळाच्या खोलीत बिडी-सिगारेट ओढली जाऊ नये, आणि धुरीचा कोंडमारा होऊ देऊ नये. तान्ह्या फुप्फुसांना धूर बाधतो.

निजविण्याविषयी मात्र एक सावधगिरी अवश्य बाळगावी. पालथे झोपविल्यास गुळणी कमी येते हे खरे. पण पालथ्या झोपलेल्या तान्ह्या बालकांत झोपेतच अकस्मात मृत्यू येण्याचा धोका वाढतो, हेही निरनिराळ्या देशांत सिद्ध झाले आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने १९९२ साली बालकांस पालथे न झोपविण्याचा सल्ला दिला, आणि १९९४ पासून त्यांना उताणे झोपविण्याची मोहीम तेथे सुरू झाली. त्यानंतर असे मृत्यू पुष्कळ घटले. उताणे झोपलेले बाळ गुळणीने गुदमरेल ही भीती स्वाभाविक आहे, परंतु निरोगी बाळाच्या बाबतीत ती अनाठायी ठरली आहे. उताण्या स्थितीत श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेले दूध श्वासनलिकेत शिरावयाचे म्हटले तर त्याला चढ चढावा लागतो. तेव्हा बाळास सपाट, घट्ट अंथरुणावर, उताणेच निजवावे. डोक्याखाली उशी, मग ती मोहरीची का असेना, ठेवू नये. पाळण्याची एक बाजू उचलून ठेवण्यानेही लाभ होत नाही. बाळ जागे असताना, मोठे माणूस समोर बसलेले असताना आणि पोट भरलेले नसताना ते थोडा वेळ पालथे राहिले तर हरकत नाही.

आता जे करू नये त्याविषयी. गुळणीला घाबरून आईचे दूध बंद करून वरचे दूध चालू करणे, ही या सर्व प्रकरणातली सर्वांत महाग पडणारी चूक होय. आईचे दूध जठरातून लवकर पुढे सरकते, आणि जंतूंशी झुंजणारी द्रव्येही त्याच्याबरोबर पोटात जातात. वरच्या दुधाबरोबर बाटली येते, बाटलीबरोबर जंतू येतात, आणि दूध पुरवावे म्हणून त्यात पाणी मिसळले गेले तर उपासमारही येते. केंद्र सरकारने १९९२ साली कायदा करून दुधाचे पर्याय आणि दूध पाजण्याच्या बाटल्या यांच्या जाहिरातींना मज्जाव केला, आणि २००३ साली तो अधिक कडक केला, तो उगाच नव्हे. काही कारणाने वरचे दूध देणे भागच असेल, तर ते वैद्याच्या सल्ल्याने, मापात, थोडे थोडे आणि वाटी-चमच्याने द्यावे.

छत्तीसगडास 'धान का कटोरा' म्हणतात. भाताच्या या प्रदेशात दूध दाट व्हावे म्हणून त्यात पेज मिसळण्याचा मोह होणे साहजिक आहे. वरच्या दुधावर असलेल्या एखाद्या बाळासाठी दूध दाट करण्याचा उपाय वैद्य सुचवितात हे खरे. परंतु अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा महिन्यांपूर्वी पेज, साबुदाणा किंवा मध यांपैकी काहीही देऊ नये. रायपूरच्या वैशाखात पारा ४३-४४ अंशांवर चढतो, आणि बाळाचा घसा सुकत असेल या काळजीने त्याला चमचाभर पाणी पाजले जाते. त्याचीही गरज नसते. आईच्या दुधात शेकडा ८७-८८ भाग पाणीच असते. उन्हाळ्यात बाळाला अधिक वेळा पाजावे आणि आईने भरपूर पाणी प्यावे, एवढे पुरेसे होय.

ग्राइप वॉटर पिढ्यानपिढ्या घरोघरी चालत आले आहे. इंग्लंडातील नॉटिंगहॅम येथे विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने ते १८५१ साली काढले. मूळ मिश्रणात मद्यार्क होता. बाळ शांत होई यात त्याचाही वाटा असला पाहिजे. आता बाजारात मिळणाऱ्या बाटल्यांत तो नसला, तरी गुळणीवर त्याचा उपयोग होतो असे सिद्ध झालेले नाही. बाळगुटीचेही तसेच. सहाणेवर उगाळलेली मुळी कितीही श्रद्धेने दिली तरी सहाण, पाणी आणि हात यांच्या स्वच्छतेची हमी कोण देणार?

आम्ल कमी करणाऱ्या औषधांची गोष्ट अधिक गंभीर आहे. बाळ रडते, दूध टाकते, तेव्हा त्याच्या छातीत जळजळ होत असली पाहिजे, असा तर्क करून ही औषधे सर्रास दिली जातात. या तर्काची परीक्षा झालेली आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६२ बालकांचे दोन सारखे गट करून एका गटास आम्लरोधक औषध आणि दुसऱ्यास दिसावयास तसेच पण निष्प्रभ द्रव्य देण्यात आले. दोन्ही गटांत शेकडा ५४ बालकांचे पाजण्याच्या वेळचे रडणे सारखेच उतरले. मात्र गंभीर दुखणी औषध घेतलेल्या गटात अधिक आढळली. याचे कारण उघड आहे. जठरातील आम्ल हे जंतूंविरुद्धचे एक संरक्षण आहे. ते विनाकारण काढून घेतले तर जंतूंना वाट मोकळी होते. सिसाप्राइड या औषधाने तर हृदयाच्या ठोक्यांत बिघाड होतो असे आढळले, आणि ते अमेरिकेत २००० साली बाजारातून मागे घेतले गेले. भारतानेही त्यावर २०११ साली बंदी घातली. औषधांना स्थान नाही असे नाही. अन्ननलिकेस खरोखर इजा झाली असेल, किंवा मेंदूच्या विकाराने पीडित बालक असेल, तर ती लागतात. परंतु ती तज्ज्ञाने ठरवावयाची. शेजारच्या बाळाची चिठ्ठी आपल्या बाळासाठी वापरावयाची नाही.

येथवर सांगितलेले सारे ज्या बाळाचे वजन वाढते आहे, जे हसते-खेळते आहे, अशा बाळासाठी आहे. परंतु काही प्रसंगी दूध टाकणे ही धोक्याची घंटा असते, आणि तेथे धीर धरणे हाच अपराध ठरतो. उलटीचा रंग हिरवा असेल तर एक तासही दवडू नये. हिरवा रंग पित्ताचा असतो, आणि आतड्यास पीळ पडून वाट बंद झाल्याची शक्यता त्यातून सूचित होते. काही तासांत त्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो. दुसरा प्रकार जन्मानंतर साधारणतः दोन ते आठ आठवड्यांत दिसतो. बाळ प्याल्यावर थोड्याच वेळात दूध हातभर लांब फेकल्यासारखे उडते, आणि लगेच ते पुन्हा भुकेलेले असते. जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड होऊन वाट अरुंद झाल्याने असे घडते. मुलींपेक्षा मुलग्यांत हे अधिक आढळते. कोपनहेगनच्या हिर्शस्प्रुंग यांनी १८८८ च्या सुमारास या विकाराचे सविस्तर वर्णन केले, तेव्हा त्यावर खात्रीचा इलाज नव्हता. पुढे जर्मनीतील रामश्टेट यांनी १९१२ साली एक साधी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तो जाड स्नायू तेवढा चिरावयाचा, आतील अस्तरास धक्का लावावयाचा नाही. आजही तीच शस्त्रक्रिया केली जाते, आणि बाळ थोड्याच दिवसांत घरी परतते.

याखेरीज उलटीत रक्त किंवा काळपट चोथा दिसणे, ताप येणे, पोट फुगणे, टाळू वर येणे किंवा खोल जाणे, लघवी कमी होणे, बाळाने पिणे सोडणे किंवा निपचित पडणे, श्वास अडखळणे किंवा ओठ निळे पडणे, यांपैकी काहीही दिसले तर तत्काळ रुग्णालय गाठावे. सहा महिन्यांनंतर प्रथमच सुरू झालेली किंवा वर्ष उलटल्यावरही न थांबलेली गुळणी तपासून घ्यावी. शौचात रक्त, अंगावर खरजेसारखे चट्टे आणि सतत रडणे ही लक्षणे एकत्र असतील तर गाईच्या दुधातील प्रथिने बाळास सोसत नसण्याचा संभव असतो. अशा वेळी आईने काही आठवडे आपल्या आहारातून दूध वगळून पाहावे असे वैद्य सांगतात. तेव्हाही आईचे दूध बंद करावयाचे नसते. रायपुरात डॉ. आंबेडकर रुग्णालय आहे. टाटीबंध येथे २०१२ साली सुरू झालेल्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत बालरोग आणि बालशल्य असे दोन्ही विभाग आहेत. साधने आहेत, प्रश्न वेळेवर पोहोचण्याचा असतो.

वेळ ओळखण्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही, तराजू लागतो. जन्मानंतर पहिल्या आठवड्यात बाळाचे वजन थोडे घटते. दोन आठवड्यांच्या आत ते बहुधा मूळपदावर येते. पुढे पहिल्या तीन महिन्यांत दररोज वीस ते तीस ग्रॅम भर पडत राहिली आणि दिवसातून सहा-सात लंगोट लघवीने भिजले, की गुळणीचे भय बाळगू नये. अंगणवाडीतील काटा आणि माता-बाल संरक्षण कार्डावरील वाढीची रेघ या दोन गोष्टी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दहा मतांहून अधिक विश्वसनीय आहेत.

घरी येऊन बाळाची विचारपूस करणारी व्यवस्था उभारण्याचा मान महाराष्ट्र आणि छत्तीसगड या दोन्ही शेजाऱ्यांकडे जातो. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांच्या शुश्रूषेचे शिक्षण दिले. त्या प्रयोगात नवजात बालकांचे मृत्यू शेकडा ६२ ने घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. छत्तीसगडात २००२ पासून 'मितानिन' ही योजना चालू आहे. छत्तीसगडी बोलीत मितानिन म्हणजे जिवाभावाची मैत्रीण. पाड्यातलीच एक स्त्री पाड्याने निवडावयाची आणि तिला आरोग्याचे शिक्षण द्यावयाचे, ही ती कल्पना. पुढे देशभर आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या, तेव्हा हा नमुना डोळ्यांपुढे होता. आता बाळंतीण घरी आल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी या कार्यकर्तीने तिच्या घरी जावे असा नियम आहे. शहरातल्या सुशिक्षित घरांनीही या भेटीचा लाभ घेण्यास संकोचू नये. बाळ कसे धरावे, स्तनाशी कसे लावावे, हे दहा पुस्तके वाचून समजत नाही. जवळ बसून कोणी दाखविले म्हणजे समजते.

शेवटी प्रश्न उरतो तो आईचा. रात्रीतून चार वेळा दुपटे बदलणारी, झोपेवाचून थकलेली ही स्त्री बहुधा विशी-पंचविशीतली असते, आणि आपल्या दुधातच काही खोट आहे अशी शंका तिच्या मनात पेरली गेलेली असते. ती शंका बळावली की तिचा आत्मविश्वास जातो, आणि आत्मविश्वासापाठोपाठ कित्येकदा अंगावरचे दूधही आटते. गुळणीने जे नुकसान झाले नसते ते या शंकेने होते. म्हणून घरातल्या मंडळींनी बाळास औषध पाजण्यापूर्वी आईला धीर द्यावा, तिच्या ताटाकडे आणि झोपेकडे पाहावे. बाळाचे वजन वाढते आहे ना, उलटी हिरवी नाही ना, बाळ तरतरीत आहे ना, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे समाधानकारक असतील तर दुपट्यांची एक चळत उशाशी ठेवून निश्चिंत असावे. बाळ बसू लागेल, घास खाऊ लागेल, आणि एके दिवशी दुपटी कोरडीच राहतील. गुळणी केव्हा थांबली हे कोणाच्या ध्यानातही येणार नाही.